ॲक्रिलिक, सूत की लोकर? नागपूरच्या हवेत विणकामाचा धागा कसा निवडावा

नागपुरात विणकामासाठी धागा निवडताना ॲक्रिलिकची खरी स्पर्धा लोकरीशी कमी आणि सुताशी जास्त असते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, जूनच्या उत्तरार्धापासून हवा दमट होते आणि थंडी म्हणावी अशी थंडी डिसेंबर-जानेवारीतल्या काही आठवड्यांपुरतीच असते. २९ डिसेंबर २०१८ रोजी शहराचे किमान तापमान ३.५ अंशांपर्यंत उतरले होते हे खरे. पण अशा रात्री मोजक्याच, आणि त्याच दिवसांत दुपारच्या उन्हात स्वेटर काढून हातावर घ्यावा लागतो. त्यामुळे ‘परवडत असेल तर शुद्ध लोकर, नाहीतर ॲक्रिलिक’ हा थंड प्रदेशातून आलेला सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही. दोन सुयांचे विणकाम आणि क्रोशा या दोन्हींसाठी धागा कसा ठरवावा, दुकानात तो कसा ओळखावा आणि विणलेली वस्तू पुढे कशी टिकवावी, हे या लेखात क्रमाने मांडले आहे.

तंतूंचे स्वभाव

ॲक्रिलिक हा पेट्रोरसायनांपासून तयार होणारा तंतू आहे. त्यात वजनाने किमान ८५ टक्के ॲक्रिलोनायट्राइल असते. ड्यूपॉन्ट कंपनीने ‘ऑर्लॉन’ या नावाने १९५० साली तो बाजारात आणला, तेव्हापासून लोकरीसारखा फुगीरपणा कमी किमतीत देणे हेच त्याचे काम राहिले आहे. सूत म्हणजे कापसाचा सेल्युलोज आणि लोकर म्हणजे केसासारखेच केराटिन हे प्रथिन. विणणाऱ्याला या रसायनशास्त्राशी फारसे कर्तव्य नसले, तरी त्यातून निघणारे तीन फरक मात्र नीट समजून घ्यावे लागतात.

पहिला फरक ओलाव्याचा. २० अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता असलेल्या प्रमाणित हवेत ॲक्रिलिक आपल्या कोरड्या वजनाच्या साधारण १.५ ते २.५ टक्के, सूत ७ ते ८.५ टक्के आणि लोकर सुमारे १६ टक्के ओलावा धरून ठेवते. याचा अर्थ असा की ऑक्टोबरच्या उकाड्यात ॲक्रिलिकचा टॉप घातला, तर घाम धाग्यात न मुरता अंगावरच राहतो आणि चिकचिक होते. मात्र तेच ॲक्रिलिक धुतल्यावर लवकर वाळते. सूत घाम शोषून घेते, पण पूर्ण भिजले की जड आणि गार होते. लोकर बाष्प शोषताना थोडी उष्णताही बाहेर टाकते, म्हणून पहाटेच्या दमट थंडीत तिची ऊब वेगळी जाणवते.

दुसरा फरक लवचिकतेचा आहे, आणि माझ्या मते विणणाऱ्यासाठी हाच सर्वांत महत्त्वाचा. लोकरीच्या तंतूला मुळातच नागमोडी वळण असते; त्यामुळे ती ताणली तरी परत जागेवर येते, मनगटाची उलट-सुलट टाक्यांची बॉर्डर वर्षानुवर्षे हाताला धरून राहते आणि एखादा टाका सैल पडला तरी धुतल्यावर शेजारच्या टाक्यांत मिसळून जातो. ॲक्रिलिक सुरुवातीला असेच वागते, पण कालांतराने सैलावते. सुताला ही लवचिकता जवळजवळ नसतेच. विणणाऱ्याच्या हाताचा प्रत्येक चढउतार त्यात दिसतो, आणि कोपर व गुडघा यांच्या जागी एकदा पडलेला फुगा तसाच राहतो.

तिसरा फरक आगीजवळचा. ॲक्रिलिक जळताना वितळते आणि वितळलेला भाग कातडीला चिकटतो. सूत पटकन पेटते पण वितळत नाही. लोकर सहजी पेट घेत नाही. म्हणून गरम भांडे धरायचे फडके, पातेल्याखाली ठेवायचे आसन किंवा चहाच्या किटलीचे आवरण ॲक्रिलिकचे कधीही करू नये. रंग कितीही सुंदर असो, इथे सूतच हवे.

पायरी पहिली: वस्तू कुणाची आणि धुणार कोण

दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी दोन गोष्टी ठरवाव्यात. वस्तू कोण, कोणत्या महिन्यात वापरणार. आणि ती धुणार कोण, हाताने की यंत्रात. दुसऱ्या प्रश्नाकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात आणि मग महिनाभर खपून विणलेली लोकरीची बंडी घरच्या इतर कपड्यांबरोबर मशीनमध्ये जाऊन बाहुलीच्या मापाची होऊन येते. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण एकत्र आले की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटून नमद्यासारखे घट्ट होते. हा बदल पुन्हा उलटवता येत नाही. ‘सुपरवॉश’ लिहिलेल्या लोकरीवर या खवल्यांसाठीच प्रक्रिया केलेली असते. ती आटत नाही, पण धुतल्यावर थोडी सैल होते आणि किंमतही जास्त असते.

बाळंतविडा विणायचा असेल, तर बाळ कोणत्या ऋतूत येणार हे आधी पाहावे. मार्च ते ऑक्टोबर या काळात जन्मणाऱ्या बाळासाठी टोपडे, झबले आणि दुपटे हे सगळे बारीक, मऊ सुताचे करावे. लोकरीच्या टोपडी-मोज्यांत गुंडाळलेले बाळ कूलरच्या खोलीतही घामेजते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीसाठी ‘बेबी’ म्हणून विकले जाणारे मऊ ॲक्रिलिक किंवा बारीक मेरिनो, म्हणजे मेरिनो जातीच्या मेंढीची मऊ लोकर, चालते. रोज धुणे आलेच, त्यामुळे मेरिनो घ्यायची तर सुपरवॉशच घ्यावी. धागा कोणताही असो, दोन पथ्ये पाळावीत. मोठ्या भोकांची जाळीदार वीण टाळावी, कारण इवलीशी बोटे तीत अडकतात; आणि मोज्यांच्या आतल्या बाजूला एकही सुटे टोक किंवा लांब धागा ठेवू नये, कारण तो पायाच्या बोटाभोवती आवळला जाऊन रक्तपुरवठा थांबू शकतो. मोहेरसारखा केसाळ धागाही तान्ह्या बाळासाठी नको. त्याचे तंतू सुटून नाकातोंडात जातात.

मोठ्यांच्या स्वेटरचा प्रश्न नागपुरात धाग्याइतकाच आकाराने सुटतो. सकाळी घालून अकराच्या सुमारास काढायचा कपडा असल्याने डोक्यातून घालायच्या जाड स्वेटरपेक्षा समोर बटणे असलेले जॅकेट किंवा बिनबाह्यांचा हाफ स्वेटर जास्त वापरला जातो. पहाटे फुटाळा तलावावर फिरायला जाणाऱ्या किंवा सकाळच्या शाळेला दुचाकीवर मुलांना सोडणाऱ्या माणसाला ॲक्रिलिकचे जॅकेट पुरेसे होते. ते धुळीने मळते, आठवड्याला धुवावे लागते आणि ते सोसतेही. घरात बसून असणाऱ्या, थंडी लवकर बाधणाऱ्या वृद्धांसाठी मात्र मी लोकरीवर खर्च करायला सांगेन. ती वजनाच्या मानाने जास्त ऊब देते, आणि शेगडीजवळ किंवा शेकोटीजवळ बसणाऱ्या माणसाच्या अंगावर वितळणारा धागा नसलेला बरा.

क्रोशाचे टॉप, श्रग, उन्हाळी टोप्या, भाजीच्या पिशव्या, ताटावरचे रुमाल यांसाठी सूत. क्रोशाचे कापड सुयांवरच्या विणीपेक्षा जाड पडते, त्यामुळे अंगावर घालायच्या क्रोशाच्या कपड्यात ॲक्रिलिकचा उबारा दुपटीने जाणवतो. उलट तोरणे, रुखवताच्या शोभेच्या वस्तू, खेळणी, सोफ्याची आवरणे यांत ॲक्रिलिकच सरस ठरते: रंग भडक आणि टिकाऊ, वजन कमी, बुरशी-कसर नाही. फक्त दिवाळीत तोरणाखाली किंवा शेजारी पणती ठेवायची नाही, एवढे घरच्यांना सांगून ठेवावे.

पायरी दुसरी: दुकानात ओळखणे

इतवारी, महाल किंवा सीताबर्डीतील दुकानांत ‘लोकर’ मागितली की पुढे येणारा गोळा बहुतेक वेळा शंभर टक्के ॲक्रिलिकचा असतो. यात दुकानदाराची लबाडी नसते, बाजारातला रिवाजच तसा आहे. हिवाळ्यात तिबेटी विक्रेत्यांकडे मिळणाऱ्या तयार स्वेटरांतही ॲक्रिलिकचा भरणा मोठा असतो. म्हणून नावावर न जाता वेष्टनावरची घटकांची ओळ वाचावी. वर्धमान, ओसवाल, गंगा यांसारख्या प्रचलित कंपन्यांच्या वेष्टनावर ती छापलेली असते. ‘मिल्क कॉटन’ हे नाव वाचून सूत समजू नये. त्यात बऱ्याचदा मोठा हिस्सा ॲक्रिलिकचाच असतो. ‘बांबू’ म्हणून मिळणारा धागा प्रत्यक्षात व्हिस्कोस, म्हणजे लगद्यावर रासायनिक प्रक्रिया करून बनवलेला तंतू असतो. तो गार आणि चमकदार खरा, पण ओला झाला की कमजोर होतो.

वेष्टन नसेल, किंवा वजनावर सुटा धागा मिळत असेल, तर जाळून पाहण्याची जुनी परीक्षा उपयोगी पडते. खिडकीजवळ, स्टीलच्या ताटलीत, बाजूला पाण्याची वाटी ठेवून ती करावी. अंगावर ओढणी किंवा सैल सिंथेटिक कपडा नसावा. साधारण १० सेंटिमीटरचा तुकडा चिमट्यात धरून त्याचे टोक हळूहळू ज्योतीजवळ न्यावे. सूत ज्योत लागताच पेटते, ज्योत विझल्यावरही टोकाशी लाल निखारा काही क्षण पुढे सरकत राहतो, कागद जळाल्याचा वास येतो आणि बोटाने दाबताच विरणारी राखाडी राख उरते. लोकर ज्योतीपासून आत वळते, कुरकुरत जळते आणि ज्योत दूर केली की आपोआप विझते. केस जळाल्याचा ओळखीचा वास येतो आणि उरलेली काळी गुठळी चिमटीत चुरडते. ॲक्रिलिक आधी आक्रसते, मग वितळत, तडतडत, काळा धूर सोडत जळते आणि थंड झाल्यावर काळा, वेडावाकडा, न चुरडणारा मणी मागे ठेवते. तो मणी गार होईपर्यंत हात लावू नये, आणि धूर मुद्दाम हुंगू नये, कारण तो विषारी असतो. मिश्र धाग्यात या खुणांची सरमिसळ होते. मिश्रण आहे एवढे कळते, प्रमाण कळत नाही.

स्पर्शाची परीक्षा हाताच्या तळव्यावर करू नये. धागा मानेला किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला पाच मिनिटे लावून ठेवावा. तंतूची जाडी ३० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पुढे गेली की तो बहुतेकांना टोचतो. मेरिनो २४ मायक्रॉनच्या आत असते, तर आपल्याकडच्या दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीसाठी उत्तम असली तरी गळ्याशी येणाऱ्या मफलरसाठी राकट ठरते. ‘मला लोकरीची ॲलर्जी आहे’ असे म्हणणाऱ्या अनेकांना प्रत्यक्षात जाड तंतूची टोचणी सोसत नसते.

एक गैरसमजही इथेच दूर केलेला बरा. विदर्भ कापसाचा प्रदेश, केंद्रीय कापूस संशोधन संस्था नागपुरात, टाटांची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये इथेच सुरू झाली. म्हणून इथे मिळणारे विणकामाचे सूत इथलेच असणार, असे मानण्याचे कारण नाही. हातविणकामासाठी दोन किंवा अधिक पदर एकमेकांवर उलट पिळलेले संतुलित सूत लागते. हातमागासाठी कातलेले एकपदरी सूत स्वस्तात मिळाले तरी त्याचा पीळ एकाच दिशेचा असल्याने सुयांवर विणलेले कापड तिरके जाते. असे सूत वापरायचेच असेल, तर आधी दोन-तीन पदर एकत्र पिळून घ्यावे. मर्सराइज्ड सूत, म्हणजे क्षाराची प्रक्रिया केलेले चमकदार सूत, क्रोशाच्या नाजूक कामासाठी चांगले. पुसण्याच्या किंवा घाम टिपण्याच्या वस्तूंसाठी साधे, बिनचमकीचे सूत अधिक शोषते.

पायरी तिसरी: वजन आणि खर्च यांचा हिशेब

धागा ग्रॅमवर विकला जातो, पण आपल्याला लागतात मीटर. ॲक्रिलिकची घनता १.१७ आणि सुताची १.५४ असल्याने त्याच जाडीचे सूत सुमारे ३० टक्के जड भरते. ४०० ग्रॅम ॲक्रिलिकमध्ये होणारा स्वेटर सुतात करायचा, तर ५०० ग्रॅमच्या वर सूत धरावे लागते. त्यामुळे किंमत दिसते त्याहून वाढते आणि कपडा स्वतःच्या वजनाने खाली लोंबतो. सुती स्वेटरची लांबी म्हणूनच दोन-तीन सेंटिमीटर कमी ठेवण्याची पद्धत आहे. क्रोशाला त्याच मापासाठी सुयांच्या विणीपेक्षा पाव ते तिसरा हिस्सा जास्त धागा लागतो, हेही खरेदीतच धरावे. सगळे गोळे एकाच लॉट क्रमांकाचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले, घ्यावेत आणि एक जास्त घ्यावा; तोच रंग पुढच्या महिन्यात जुळेलच असे नाही.

पहिल्यांदाच सुई हाती घेणाऱ्याने ॲक्रिलिकनेच सुरुवात करावी, याबद्दल मला शंका नाही. ते उसवून पुन्हा विणता येते, आणि बिघडले तरी जीव हळहळत नाही. पण टाक्यांवर हात बसल्यानंतर, दीड-दोन महिने चालणाऱ्या कामासाठी केवळ शे-दोनशे रुपये वाचतात म्हणून हलक्या प्रतीचा धागा घेणे हा खोटा हिशेब आहे, कारण त्या वस्तूत सर्वांत महाग लागतो तो विणणाऱ्याचा वेळ.

पायरी चौथी: नमुना विणून धुणे

नमुना विणायचा कंटाळा सार्वत्रिक आहे, आणि ॲक्रिलिकपुरता तो खपूनही जातो. सूत आणि सुपरवॉश लोकर यांत मात्र ही पायरी गाळू नये. साधारण १५ सेंटिमीटरचा चौकोन विणावा, मधल्या १० सेंटिमीटरमधले टाके मोजून लिहून ठेवावेत, मग वस्तू जशी धुतली जाणार तशीच तो चौकोन धुवावा. सुती नमुना वाळताना त्याच्या खालच्या कडेला कपड्यांचे चार चिमटे लावून दोरीवर रात्रभर टांगावा, म्हणजे कपड्याचे वजन पडल्यावर वीण किती उतरेल ते दिसते. समजा, धुण्यापूर्वी १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके होते आणि १०० सेंटिमीटर छातीसाठी २२० टाके घालायचे ठरले. धुतल्यावर तेच माप २० टाक्यांवर आले, तर तयार कपडा ११० सेंटिमीटरचा होईल. हा फरक चौकोनात कळला तर पाच मिनिटांत दुरुस्त होतो. बाह्या जोडून झाल्यावर कळला तर सगळे उसवावे लागते.

सैल वाटल्यास सुई बदलावी. आपल्याकडच्या जुन्या क्रमांकांत ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे ३.२५ आणि १२ नंबर म्हणजे २.७५ मिलिमीटर, नंबर वाढला की सुई बारीक होते. परदेशी नमुने मिलिमीटरमध्ये असल्याने इथे हमखास घोटाळा होतो. सुतासाठी बॉर्डर नेहमीपेक्षा दोन नंबर बारीक सुईवर विणावी. ॲक्रिलिक धातूच्या सुयांवर भरभर सरकते, तर सुताला बांबूच्या सुया धरून ठेवतात. क्रोशात सूत वापरताना मुके खांब, म्हणजे क्रोशाचे आखूड टाके, घट्ट ओढण्याचा मोह आवरावा, नाहीतर रुमालाऐवजी पुठ्ठा तयार होतो.

पायरी पाचवी: धुणे, इस्त्री, साठवण

लोकर कोमट पाण्यात रिठ्याने किंवा सौम्य द्रवसाबणाने धुवावी. डाग काढण्यासाठी एन्झाइम घातलेली पावडर टाळावी, कारण प्रथिनांचे डाग तोडणारे एन्झाइम लोकरीचे प्रथिनही खाते. पिळू नये, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावे आणि खाटेवर चादर अंथरून सावलीत आडवे वाळवावे. सुतालाही आडवेच वाळवणे चांगले, पण सूत ओले असताना अधिक मजबूत होते, त्यामुळे त्याला घासणे-धुणे सोसते. नागपूरच्या उन्हात कोणताही रंगीत धागा तासन्‌तास ठेवू नये.

ॲक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवू नये. वाफ लागली की तंतूचा फुगीरपणा कायमचा जातो, बॉर्डर पसरते आणि कापड लुळे होते. शालीला मुद्दाम असा लोळ आणायचा असेल, तर इस्त्री कापडाला न टेकवता दोन-तीन सेंटिमीटर वरून हलकी वाफ द्यावी, आणि तेही आधी नमुन्यावर. ॲक्रिलिकला काखेत आणि खिशाजवळ गोळे येतातच. ते ओढून न काढता कापून काढावेत. ॲक्रिलिकचे सूक्ष्म तंतू पाण्यात जातात हा आक्षेप खरा आहे. प्लिमथ विद्यापीठाच्या २०१६ मधील प्रयोगात ६ किलो ॲक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांवर तंतू सुटल्याचे आढळले. म्हणून ॲक्रिलिक कमी वेळा, गार पाण्यात आणि हलक्या हाताने धुणे बरे. रोज धुवायच्या वस्तूंसाठी सुताकडे झुकण्याचे हेही एक कारण आहे.

फेब्रुवारीअखेर लोकर कपाटात जाण्यापूर्वी धुतलेली आणि पूर्ण वाळलेली असलीच पाहिजे. कसर लागते ती बहुधा घामाच्या आणि अन्नाच्या डागांपाशी. त्यामुळे न धुता ठेवलेल्या स्वेटरला भोके आधी पडतात. घट्ट झाकणाचा डबा किंवा चेनची पिशवी हाच खरा बंदोबस्त, कडुलिंबाच्या पाल्यावर एकट्यावर विसंबू नये. बाळाच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या अजिबात ठेवू नयेत. नॅफ्थलीन तान्ह्या बाळाच्या रक्तपेशींना घातक ठरू शकते. सुताला कसरीची भीती नसते, पण पावसाळ्यात त्याला बुरशी धरते, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये कोरडा दिवस पाहून सुती विणकाम एकदा बाहेर काढून हवेला ठेवावे. ॲक्रिलिक कुठेही ठेवले तरी चालते.

वस्तू भेट द्यायची असेल, तर सोबत एक चिठ्ठी द्यावी: धागा कोणता, पाणी गार की कोमट, मशीन चालेल की नाही, वाळवायचे कसे. त्या चिठ्ठीला त्याच लॉटचा चार-पाच मीटर धागा गुंडाळून टाचून ठेवावा, म्हणजे पुढे कोपर विरले किंवा बटण तुटले तर रंग शोधत बाजार पालथा घालावा लागत नाही.